ऑफिसचा प्रिंटर नेटवर्कवर घेताना: आधी पत्ता पक्का करा, मग कॉम्प्युटरला हात लावा

नवा प्रिंटर बसवला त्या दिवशी सगळीकडून प्रिंट निघते. सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं की तीन कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन' दिसतं. कुणीतरी प्रिंटर काढून पुन्हा ॲड करतं, यादीत त्याच नावापुढे 'कॉपी १' लागतं. पुढच्या महिन्यात 'कॉपी २'. यात प्रिंटर बिघडलेला नसतो आणि विंडोजही. प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो, एवढंच.

राउटर नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला ठरावीक मुदतीसाठी एक आयपी पत्ता देतो. शनिवार-रविवार प्रिंटर बंद राहिला, मुदत संपली, तो पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला गेला. सोमवारी प्रिंटरला दुसरा मिळाला, पण कॉम्प्युटर प्रिंट पाठवत राहतात जुन्याच पत्त्यावर. म्हणून या लेखातला क्रम मोडू नका: नेटवर्क, केबल, पत्ता, प्रिंटरची सेटिंग आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. बहुतेक ठिकाणी बॉक्समधली सीडी किंवा कंपनीचा इन्स्टॉलर आधी चालवला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पुढची सगळी उदाहरणं सहा-आठ कॉम्प्युटर, एक ब्रॉडबँड राउटर आणि एक लेझर मल्टिफंक्शन प्रिंटर असलेल्या ऑफिसची आहेत. सीएचं ऑफिस, वकिलाचं चेंबर, सोसायटीचं कार्यालय, छोटी फॅक्टरी, सगळीकडे मांडणी साधारण अशीच असते.

## तयारी: हात घालण्याआधी हे जवळ असू द्या

प्रिंटरच्या मागे लॅन केबलचा चौकोनी सॉकेट आहे का, ते आधी बघा. मॉडेलच्या नावात 'एन' किंवा 'डब्ल्यू' असलं तर नेटवर्क किंवा वाय-फाय असण्याची शक्यता असते, पण नावावर विसंबू नका, मागची बाजू बघा. कॅननचा एलबीपी २९०० अजूनही असंख्य टेबलांवर आहे. त्याला फक्त यूएसबी आहे. तसा प्रिंटर असेल तर पुढचे बरेच टप्पे तुमच्यासाठी नाहीत, शेवटाकडचा 'फक्त यूएसबी असेल तर' हा भाग वाचा.

राउटरचा ॲडमिन पासवर्ड मिळवा. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. केबलवाल्याने बसवताना तो बदलला असेल तर त्याला आजच फोन करा, कारण तिसऱ्या टप्प्यावर याच्यावाचून काम अडतं.

लॅन केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, दोन्ही टोकांना कंपनीत बसवलेला प्लग असलेली घ्या. अंतर दोरीने मोजा. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरवून. सरळ रेषेत चार मीटर वाटणारं अंतर फिरवल्यावर नऊ-दहा भरतं. कमाल मर्यादा १०० मीटर आहे, ती ऑफिसात सहसा गाठली जात नाही.

आणि एक वही. ती घ्यायला विसरू नका, कारण पुढे पत्ते, पासवर्ड आणि मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून ठेवायचे आहेत.

## टप्पा १: सगळे एकाच नेटवर्कवर आहेत ना?

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. आपल्याकडच्या ऑफिसांत फार आढळणारी मांडणी अशी: फायबर कंपनीने दिलेला राउटर दाराजवळ, आणि आतल्या केबिनमध्ये वाय-फाय पोचत नाही म्हणून बाजारातून आणलेला दुसरा राउटर. दुसऱ्याच्या 'वॅन' सॉकेटमध्ये पहिल्याची केबल लावलेली असते. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण आता ऑफिसात दोन वेगळी नेटवर्क झालेली असतात.

प्रत्येक कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'आयपीकॉन्फिग' ही कमांड द्या (इंग्रजी अक्षरांत, सलग) आणि 'डिफॉल्ट गेटवे' (म्हणजे राउटरचा पत्ता) समोरचा आकडा वहीत लिहा. सगळीकडे एकच आकडा हवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. चार ठिकाणी हा आणि दोन ठिकाणी १९२.१६८.०.१ आला, तर तुमचं नेटवर्क दुभंगलेलं आहे. अशा वेळी आतल्या राउटरवरचे कॉम्प्युटर बाहेरच्या प्रिंटरपर्यंत पोचतात, उलट दिशेने मात्र कुणी पोचत नाही. 'मॅडमच्या केबिनमधून प्रिंट निघते, काउंटरवरून निघत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं.

उपाय: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम झालं. तो नसेल तर या क्रमाने करा: आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला रिकामा पत्ता करा (१९२.१६८.१.२५०), मग त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, मग केबल 'वॅन'मधून काढून साध्या 'लॅन' सॉकेटमध्ये लावा. केबल आधी हलवली तर काही काळ दोन डीएचसीपी एकाच नेटवर्कवर पत्ते वाटत बसतात आणि गोंधळ वाढतो.

तपासा: सगळे कॉम्प्युटर रीस्टार्ट करून गेटवे पुन्हा बघा. सगळीकडे एकच आकडा आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इशारा: 'गेस्ट' नावाच्या वाय-फायवर प्रिंटर किंवा कॉम्प्युटर जोडू नका. गेस्ट नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच त्याची रचना असते.

## टप्पा २: जागा, वीज आणि केबल

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. आतला रोलर तापताना तो क्षणभर हजार वॅटच्याही पुढे ओढू शकतो, आणि कॉम्प्युटरसाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. प्रिंट दिली की यूपीएस किंचाळतो आणि त्यावरचे कॉम्प्युटरही बंद पडतात. लेझर प्रिंटरला भिंतीतला स्वतंत्र अर्थिंगचा सॉकेट द्या. शाईच्या टाकीवाले इंकजेट दहा-वीस वॅटवर चालतात, ते यूपीएसवर चालतील.

उलट राउटर आणि स्विच (लॅन केबलची जादा सॉकेट देणारी डबी) मात्र यूपीएसवर हवेतच. वीज जाऊन आली की प्रिंटर कधीकधी राउटरच्या आधी उठतो, पत्ता मागतो, कुणी देत नाही, मग स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता धरून बसतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो गायब.

केबल प्रिंटरमध्ये आणि राउटर किंवा स्विचमध्ये 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. दोन्ही टोकांना दिवा लागला पाहिजे. दिवा नाही तर केबल किंवा सॉकेट खराब. सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

वाय-फायने जोडणं टाळता येत असेल तर टाळा. प्रिंटर ऑफिसात फिरत नाही, मग त्याला बिनतारी कशासाठी ठेवायचं? जोडावंच लागलं तर लक्षात ठेवा की बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्टा ओळखतात. ५ गिगाहर्ट्झच्या नावाचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. 'डायरेक्ट' शब्दाने सुरू होणारं एक नाव मोबाइलच्या वाय-फाय यादीत दिसतं, ते प्रिंटरचं स्वतःचं छोटं नेटवर्क असतं. त्याला जोडलं तर त्या एका मोबाइलवरून प्रिंट निघेल, ऑफिसला त्याचा उपयोग नाही.

इशारा: अनेक मॉडेलमध्ये केबल लावली की वाय-फाय बंद होतं. दोन्हींचे मॅक ॲड्रेसही वेगळे असतात. म्हणून केबल की वाय-फाय हे आत्ताच ठरवा. पुढे बदललंत तर तिसरा टप्पा पुन्हा करावा लागेल.

## टप्पा ३: पत्ता पक्का करणं

सगळं काम या टप्प्यावर उभं आहे, घाई करू नका.

३.१ प्रिंटरकडून माहिती काढा. प्रिंटरच्या पॅनेलवरच्या मेन्यूत 'रिपोर्ट्स' किंवा 'नेटवर्क' खाली कॉन्फिगरेशन पेज छापायची सोय असते. स्क्रीन नसलेल्या छोट्या मॉडेलवर एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. कोणतं, ते मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. छापलेल्या पानावर सध्याचा आयपी आणि मॅक ॲड्रेस (दोन-दोनच्या सहा जोड्या, अंक आणि अक्षरं) सापडेल. पानावर ०.०.०.० असेल तर केबल लागलेली नाही. १६९.२५४ असेल तर राउटरने पत्ता दिला नाही. दोन्हींपैकी काही दिसलं तर मागच्या टप्प्यावर परत जा.

३.२ पत्ता निवडा. राउटरच्या ॲडमिन पानावर डीएचसीपीचा पट्टा बघा, म्हणजे राउटर कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटतो ते. पुष्कळ राउटरवर तो १९२.१६८.१.२ ते १९२.१६८.१.२५४ असा सबंध पसरलेला असतो. तो १० ते १९९ असा आखडा. २००पासून पुढचे पत्ते प्रिंटर, स्कॅनर, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरसाठी मोकळे झाले. प्रिंटरला १९२.१६८.१.२०० देऊ.

३.३ पत्ता रिकामा आहे का बघा. कोणत्याही कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टवरून निवडलेल्या पत्त्याला 'पिंग' करा, म्हणजे 'पिंग' (इंग्रजी अक्षरांत), एक जागा आणि पत्ता लिहा. उत्तर येता कामा नये. उत्तर आलं तर तिथे आधीच कुणीतरी आहे. बहुतेक वेळा सीसीटीव्हीवाल्याने न सांगता बसवलेला डीव्हीआर निघतो. दुसरा आकडा निवडा.

३.४ पत्ता बसवा. दोन रस्ते आहेत. एक, राउटरमध्ये आरक्षण: मॅक ॲड्रेससमोर पत्ता लिहायचा, प्रिंटर 'ऑटो' वरच ठेवायचा. दुसरा, प्रिंटरच्या मेन्यूत 'मॅन्युअल' किंवा 'स्टॅटिक' निवडून पत्ता हाताने भरायचा. राउटर तुमच्या स्वतःच्या मालकीचा असेल तर आरक्षण बरं, कारण सगळे पत्ते एका पानावर दिसतात. पण राउटर इंटरनेट कंपनीचा असेल तर तो बिघडला की कंपनीचा माणूस बदलून जातो आणि तुमची आरक्षणं जुन्या डब्याबरोबर जातात. अशा ऑफिसात प्रिंटरमध्येच हाताने भरलेला पत्ता जास्त टिकतो. काही राउटर आरक्षित पत्ता पट्ट्याच्या आतलाच मागतात. मग पट्टा २१० पर्यंत वाढवा आणि मधले पत्ते आरक्षणापुरतेच वापरा.

हाताने भरताना चार रकाने असतात: आयपी १९२.१६८.१.२००, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ आणि डीएनएस (गेटवेचाच पत्ता चालतो). शेवटचे दोन रकाने रिकामे सोडले तरी प्रिंट निघते, त्यामुळे ते बरेचदा सुटतात. महिनाभराने स्कॅन ईमेलवर पाठवायला घेतला की अडतं, कारण प्रिंटरला इंटरनेटचा रस्ताच माहीत नसतो. तेव्हा कुणालाही या रकान्यांची आठवण होत नाही.

तपासा: प्रिंटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. नवं कॉन्फिगरेशन पेज छापा, त्यावर २०० दिसलं पाहिजे. आता पिंग केल्यावर उत्तर यायला हवं. मग प्रिंटर पुन्हा बंद करून पिंग करा. बंद असतानाही उत्तर आलं तर पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे.

हा पत्ता एका चिकटपट्टीवर लिहून प्रिंटरच्या पुढच्या बाजूला लावा. वहीत आहे तेवढं पुरत नाही, कारण वही कपाटात असते आणि अडचण प्रिंटरपाशी येते.

## टप्पा ४: प्रिंटरच्या आतल्या सेटिंग

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत प्रिंटरचा आयपी टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. 'सुरक्षित नाही' अशी सूचना आली तर ती स्वतःच्याच नेटवर्कवरच्या प्रिंटरसाठी आहे, पुढे जा. सुरुवातीचा पासवर्ड बहुधा मागच्या लेबलवर असतो.

इथे तीन गोष्टी करा. पासवर्ड बदला. ट्रेच्या कागदाचा आकार ए४ करा. आणि 'ऑटो ऑफ' म्हणजे काही तासांनी पूर्ण बंद होणं, हे असेल तर काढून टाका. 'स्लीप' राहू द्या. झोपलेला प्रिंटर नेटवर्कवरून आलेल्या प्रिंटने जागा होतो, पूर्ण बंद झालेला होत नाही.

तारीख-वेळही बघून घ्या. घड्याळ फार मागे असेल तर ईमेल सर्व्हरशी सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते.

इशारा: बाहेरून प्रिंट देता यावी म्हणून राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून ९१०० क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. तसं केलं तर जगातला कुणीही तुमच्या ट्रेमधला कागद संपवू शकतो.

## टप्पा ५: विंडोजवर प्रिंटर घेणं

ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलता करणारं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवरून, अचूक मॉडेल निवडून उतरवा. एकाच मालिकेतल्या 'डीएन' आणि 'डीडब्ल्यू'ला कधी एकच ड्रायव्हर असतो, कधी नसतो. प्रिंटरच्या भाषेची निवड दिसली तर रोजच्या कामाला पीसीएल ६ घ्या. कोरल ड्रॉ, पेजमेकरवाल्या डीटीपीच्या टेबलाला पोस्टस्क्रिप्ट, अर्थात प्रिंटर ते ओळखत असेल तर.

विंडोज ११ वर क्रम असा:

१. जुने प्रयोग साफ करा. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मधून त्या प्रिंटरच्या सगळ्या 'कॉपी' काढा.

२. ड्रायव्हरचं पॅकेज चालवा. तो प्रिंटर शोधून स्वतःच जोडायला निघतो. मॉडेल दिसलं तर जोडू द्या, पण पोर्ट (विंडोज प्रिंट कुठल्या वाटेने पाठवतं ते) पुढे तपासायचा आहे.

३. इन्स्टॉलरला प्रिंटर सापडला नाही तर 'ॲड डिव्हाइस' दाबा, काही सेकंद थांबा, 'ॲड मॅन्युअली' दिसलं की त्यात आयपी पत्त्याने ॲड करायचा पर्याय निवडा. 'डिव्हाइस टाइप' मध्ये 'ऑटोडिटेक्ट' असतं, ते बदलून 'टीसीपी/आयपी डिव्हाइस' करा. पत्ता भरा. प्रिंटरला विचारून ड्रायव्हर आपोआप निवडण्याची खूण काढा आणि ड्रायव्हर स्वतः निवडा.

४. आता महत्त्वाचं: 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मध्ये 'पोर्ट्स' टॅब उघडा. खूण केलेल्या ओळीत तुमचा १९२.१६८.१.२०० दिसला पाहिजे आणि प्रकार 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' असला पाहिजे. तिथे 'डब्ल्यूएसडी' असेल तर विंडोजने प्रिंटर नेटवर्कवर ओरडून शोधलेला आहे, पत्त्याने नाही; असे प्रिंटर बरेचदा 'ऑफलाइन' होतात. 'ॲड पोर्ट' दाबून टीसीपी/आयपी पोर्ट बनवा, नव्या ओळीवर खूण करा.

५. त्याच टॅबवर 'कॉन्फिगर पोर्ट' उघडा. 'रॉ' आणि ९१०० असू द्या. खालची 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही खूण काढा. विंडोज या वाटेने प्रिंटरला हालहवाल विचारतं. प्रिंटरने उत्तर दिलं नाही किंवा भलतं दिलं, की चालू प्रिंटरही फिक्कट होऊन 'ऑफलाइन' दिसतो. ही एक खूण काढल्याने कितीतरी खोटे 'ऑफलाइन' जातात. बदल्यात शाई किंवा टोनर किती उरलं ते काही ड्रायव्हरमध्ये दिसत नाही. ते प्रिंटरच्या वेब पानावर दिसतंच.

६. 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' मध्ये कागद ए४ करा. 'प्रिफरन्सेस' मध्ये केलेला बदल फक्त त्या लॉगिनपुरता राहतो, 'डिफॉल्ट्स' मधला सगळ्यांना लागतो. ड्रायव्हर बरेचदा अमेरिकी 'लेटर' आकार धरून येतात: २१६ बाय २७९ मिलिमीटर, म्हणजे ए४पेक्षा रुंद आणि आखूड. मग ट्रेत कागद भरलेला असतानाही प्रिंटर 'कागद घाला' म्हणत दिवा मिचकावत बसतो.

७. दोन्ही बाजूंना छापायचा पर्याय दिसत नसेल तर 'डिव्हाइस सेटिंग्ज' मध्ये 'डुप्लेक्स युनिट' 'नॉट इन्स्टॉल्ड' असतं. ते बदला.

८. सेटिंगमधलं 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा. चालू असलं तर शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. कुणी एक पीडीएफ बनवली की पुढचं बिल कागदाऐवजी फाइल म्हणून सेव्ह होतं, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं.

पहिला कॉम्प्युटर पूर्ण नीट झाल्याशिवाय दुसरा हातात घेऊ नका. पहिल्यावर अर्धा तास जातो, पुढच्यांवर दहा-दहा मिनिटं.

ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर 'ॲड प्रिंटर' मधल्या आयपीच्या टॅबवर तोच पत्ता भरा. मोबाइलसाठी आयफोनला एअरप्रिंट, अँड्रॉइडला कंपनीचं किंवा मोप्रियाचं ॲप. मोबाइल ऑफिसच्याच वाय-फायवर हवा, मोबाइल डेटावर नाही.

## टप्पा ६: चाचणी, नुसत्या टेस्ट पेजवर नाही

विंडोजचं टेस्ट पेज निघालं म्हणजे वाट मोकळी आहे, इतकंच. यानंतर ऑफिसात रोज निघणारे कागद काढून बघा: टॅलीचं इन्व्हॉइस, दोन बाजूंचं वीस पानी पीडीएफ, आणि मराठी मजकुराचं काहीतरी, सातबारा उतारा किंवा शासन निर्णय.

मराठी पीडीएफमध्ये स्क्रीनवर सगळं ठीक, पण कागदावर वेलांट्या सरकलेल्या, जोडाक्षरं फुटलेली किंवा नुसते चौकोन, असं झालं तर ॲडोबी रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' उघडून 'प्रिंट ॲज इमेज' वर खूण करा. फॉन्टचं भाषांतर प्रिंटरवर न सोपवता सबंध पान चित्र म्हणून जातं. थोडं हळू निघतं, पण अचूक निघतं. स्क्रीनवरच चौकोन दिसत असतील तर मात्र दोष पीडीएफमध्ये आहे. आणि श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल दुसऱ्या टेबलावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसते, तेव्हा त्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही. प्रिंटरला दोष देऊ नका.

वकिलांच्या ऑफिसात लीगल कागदावर (८.५ बाय १४ इंच) एक प्रिंट काढाच. ट्रे ए४वर सेट असेल तर प्रिंटर हाताने कागद घालायला सांगतो आणि पुढची सगळी कामं त्यामागे अडकतात.

पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या ऑफिसांनी एक करावं: रीम उघडी टाकू नये. ओलसर कागद वळतो, दोन-दोन ओढला जातो, आणि त्याचा ठपका नव्या सेटिंगवर येतो.

## टप्पा ७: स्कॅन

फोल्डरमध्ये स्कॅन घ्यायचा असेल तर ज्या कॉम्प्युटरवर तो पडणार आहे त्याचाही पत्ता पक्का करा. प्रिंटरचा पत्ता स्थिर आणि कॉम्प्युटरचा फिरता, असं असेल तर स्कॅन एक दिवस बंद पडणारच. त्या कॉम्प्युटरवर स्कॅनसाठी वेगळा लोकल युजर बनवा आणि त्याला पासवर्ड द्या. रिकाम्या पासवर्डचा युजर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. विंडोज उघडताना टाकता तो पिन इथे चालत नाही, खरा पासवर्ड लागतो. फोल्डर शेअर करताना 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही टॅबवर त्या युजरला लिहिण्याची परवानगी द्या. एकीकडे दिली आणि दुसरीकडे राहिली, तर प्रिंटर 'लॉगिन'ची नाहीतर 'परवानगी'ची चूक दाखवतो. नेटवर्कचा प्रकार 'प्रायव्हेट' ठेवा.

जुनं मशीन फक्त एसएमबी १ (नेटवर्कवरून फोल्डरमध्ये फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) जाणत असेल तर नव्या विंडोजवर ते चालणार नाही. २०१७ पासून विंडोज १० मध्ये त्या पद्धतीने आलेली फाइल स्वीकारणारा भाग मुळात बसवलेला येत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक अट घातली आहे, सहीबंद जोडणीची. आधी प्रिंटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा. एसएमबी १ चालू करण्याचा सल्ला जागोजाग मिळेल, तो घेऊ नका. त्याऐवजी स्कॅन ईमेलवर घ्या.

जीमेलवरून पाठवायचं तर सर्व्हर 'एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम', पोर्ट ५८७, सुरक्षा स्टार्टटीएलएस. नेहमीचा पासवर्ड २०२२ च्या मे अखेरपासून चालत नाही. खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करा, 'ॲप पासवर्ड' बनवा आणि मिळालेली १६ अक्षरं मधल्या जागा काढून प्रिंटरमध्ये भरा. मालकाच्या खासगी ईमेलऐवजी स्कॅनसाठी वेगळं खातं ठेवा.

## फक्त यूएसबी असेल तर

प्रिंटर ज्या कॉम्प्युटरला लावला आहे तो बंद किंवा झोपलेला असताना बाकी कुणाचीही प्रिंट निघणार नाही, हे आधी मान्य करा. त्या कॉम्प्युटरचं स्लीप बंद करा, नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मध्ये 'शेअरिंग' वर जाऊन छोटं, जागा न सोडता लिहिलेलं नाव द्या.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडताना शेवटी '११बी' असलेला एरर आला, तर त्याचं कारण सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटमध्ये आहे. तेव्हापासून दोन्ही कॉम्प्युटरमधली प्रिंटची बोलणी अधिक कडक झाली. रजिस्ट्रीत बदल करून ते संरक्षण बंद करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तो शेवटचा ठेवा. आधी दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करा. तरी नाही जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर आधी बसवा, प्रिंटर 'लोकल' म्हणून ॲड करा, नवा 'लोकल पोर्ट' बनवा आणि नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा, पहिल्या कॉम्प्युटरचं नाव, एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं शेअर नाव लिहा. पुष्कळ प्रिंटर असे चालतात.

बाजारात यूएसबी प्रिंटर नेटवर्कवर आणणाऱ्या डब्या मिळतात. विकत घेण्याआधी तुमचं मॉडेल डबीच्या यादीत आहे का ते बघा, कारण स्वस्त लेझर प्रिंटर बरंचसं काम कॉम्प्युटरवर ढकलतात आणि साध्या डबीशी त्यांचं जमत नाही.

## पुन्हा 'ऑफलाइन' दिसलं तर, याच क्रमाने

एक, प्रिंटरच्या पॅनेलवर चूक दिसते का: कागद, झाकण, टोनर. दोन, चिकटपट्टीवरच्या पत्त्याला पिंग. उत्तर नाही तर केबलचा दिवा बघा आणि कॉन्फिगरेशन पेज काढून पत्ता जुळवा. तीन, पिंग चालतो पण प्रिंट नाही, तर 'पोर्ट्स' टॅबवरचा पत्ता तोच आहे का. चार, रांगेत एखादं काम अडकलं आहे का. रद्द होत नसेल तर 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवा, विंडोजच्या 'सिस्टम३२' मधल्या 'स्पूल' फोल्डरातलं 'प्रिंटर्स' रिकामं करा (फोल्डर नाही, आतल्या फाइल), आणि स्पूलर पुन्हा चालू करा. अडकलेली सगळी कामं जातात, म्हणून आधी ऑफिसात हाक मारून सांगा.

प्रिंटर काढून पुन्हा ॲड करणं या यादीत कुठेच नाही.

इंटरनेट कंपनी बदलली किंवा राउटर बदलला त्या दिवशी मात्र सगळे कॉम्प्युटर एकदम 'ऑफलाइन' होतील. पत्त्यांची मालिकाच बदललेली असते. जिओच्या राउटरची सहसा १९२.१६८.२९ने सुरू होते, बऱ्याच इतरांची १९२.१६८.१ने. अशा वेळी आठ कॉम्प्युटरवर पोर्ट बदलत बसू नका. नव्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता जुन्यासारखा १९२.१६८.१.१ करा, पट्टा १० ते १९९ करा, राउटर आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. प्रिंटरमध्ये पत्ता हाताने भरला असेल तर त्याला हात लावायची गरज नाही. राउटरमध्ये आरक्षण केलेलं असेल तर वहीतला मॅक ॲड्रेस काढून ते नव्याने भरा.